सायक्लोडिना मोडायला नको होती: न्यूझीलंडच्या सापसुरळ्यांचं वर्गीकरण

करवंद (धागाकर्ता)
न्यूझीलंडच्या मूळच्या सगळ्या सापसुरळ्या आज ऑलिगोसोमा या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, genus) मोडतात. जाती पन्नासच्या आसपास. पूर्वी असं नव्हतं. संशोधक हार्डी यांनी १९७७ मध्ये शरीररचनेवरून दोन प्रजाती मानल्या होत्या. सडसडीत, बहुतेक दिवसा ऊन खाणाऱ्या एकीकडे (तेव्हा लिओलोपिझ्मा, १९९५ पासून ऑलिगोसोमा). चौकोनी डोक्याच्या, जाड अंगाच्या, आखूड पायांच्या आणि बहुधा अंधारात वावरणाऱ्या दुसरीकडे, ती सायक्लोडिना. २००९ मध्ये चॅपल, रिची आणि डॉहर्टी या संशोधकांनी डीएनएच्या आधारे सायक्लोडिना ऑलिगोसोमात विलीन केली.

माझं स्पष्ट मत आहे की यात आपण बरंच गमावलं. सायक्लोडिनातली ऑर्नेट सापसुरळी जवळून पाहा. डोळ्याखाली काळ्या कडेचा फिकट थेंब, खोल चौकोनी डोकं, पाय अंगाच्या मानाने तोकडे. आणि न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या ओटॅगो भागात खडकांवर पसरलेली ग्रँड सापसुरळी पाहा, लांब पायांची, चपळ. हा फरक प्रजातीच्या नावात दिसत नसेल तर ते नाव सांगतं तरी काय?

उलटतपासणी
असहमत. नाव दिसण्याला नसतं, वंशाला असतं. डीएनएवरून मांडलेल्या वंशाच्या झाडात सायक्लोडिनाची फांदी ऑलिगोसोमाच्या फांद्यांच्या मधूनच फुटते. तिला वेगळं ठेवलं की काही ऑलिगोसोमा इतर ऑलिगोसोमांपेक्षा सायक्लोडिनाच्या जवळच्या ठरतात. असं नाव वाचणाऱ्याला नात्याबद्दल चुकीचंच सांगतं. मार्ग दोनच: सगळ्यांना एका नावाखाली घ्या, नाहीतर ऑलिगोसोमाचेही बरेच तुकडे करा.

शिवाय अंधार आणि अंगकाठी यांची जोडी वाटते तितकी पक्की नाही. सुटेरी ही सापसुरळी घ्या. समुद्रकाठच्या गोट्यांत राहते, रात्री बाहेर पडते, पाण्यात बुडी मारते, आणि न्यूझीलंडच्या मूळच्या सापसुरळ्यांत अंडी घालणारी ती एकटीच, बाकी सगळ्या पिल्लं देतात. पक्की निशाचर, तरी हार्डींनी तिला सायक्लोडिनात घातलं नव्हतं.

करवंद
सुटेरीचा मुद्दा जोरदार आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. नुसतं निशाचर असणं पुरेसं नव्हतं म्हणूनच हार्डींनी तिला बाहेर ठेवलं. त्यांनी शरीर पाहिलं, सवय नाही.

आणि हाडांचं काय? न्यूझीलंडमधल्याच सेंट बाथन्सला १.६ ते १.९ कोटी वर्षांपूर्वीचे सापसुरळ्यांचे जीवाश्म मिळाले. तुटके जबडे, दात. त्यात डीएनए कुठून आणणार? तिथे शरीररचनाच कामाला येते, आणि तिच्यावर उभी असलेली प्रजातीच आपण पुसून टाकली.

नीलपंख
पुसली कुठे? जाड अंगाच्या त्या जाती आजही एक ओळखता येणारा गट आहेत. जबडा पाहून "हा त्या गटाच्या जवळचा" असं लिहिता येतंच, त्याला प्रजातीचा दर्जा लागत नाही.

बाहेरून दिसणारी खूण कुठवर नेते तेही बघा. या सापसुरळ्यांच्या खालच्या पापणीत पारदर्शक खिडकी असते, डोळा मिटूनही उजेड आत येतो. खवल्यांखाली हाडाच्या चकत्या असतात. दोन्ही गोष्टी दूरदूरच्या कितीतरी सापसुरळ्यांत सापडतात. लिओलोपिझ्मा या नावाखाली न्यूझीलंडपासून मॉरिशसपर्यंतच्या जाती याच साम्यामुळे एकत्र आल्या होत्या. आज त्या नावात मॉरिशसच्या बाजूच्याच जाती उरल्या आहेत. वरवरच्या साम्यावर बांधलेली मोठी प्रजाती अशी विस्कटते.

खडकवासी
मला संवर्धनाच्या अंगाने बोलायचं आहे. व्हिटेकर, रोबस्ट, मॅकग्रेगर या मोठ्या सायक्लोडिना मुख्य भूमीवरून जवळजवळ नाहीशा झाल्या. माणसांबरोबर आलेल्या उंदरांनी त्या खाल्ल्या, आणि उंदीर न पोचलेल्या लहान बेटांवरच त्या टिकल्या. वेगळं नाव होतं तेव्हा हा सारखेपणा पटकन डोळ्यांत भरायचा.

उलटतपासणी
खडकवासी, दुःख खरं आहे, निष्कर्ष पटत नाही. ग्रँड आणि ओटॅगो या नावांच्या, दिवसा फिरणाऱ्या ऑलिगोसोमाही मांजरं आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी) यांच्यापायी धोक्यात आल्याच. उलट कॉपर सापसुरळी सायक्लोडिनाच होती, पण लहानखुरी, आणि ती मुख्य भूमीवर अजून टिकून आहे. कोण वाचतं ते आकार, सवय आणि लपायची जागा ठरवते. बेटावरचे उंदीर हटवताना जातीकडे आणि तिथल्या संख्येकडे बघतात, प्रजातीकडे नाही.

करवंद
कॉपरचं उदाहरण बिनतोड आहे, संवर्धनाचा मुद्दा मी सोडतो. शरीररचनेचा सोडत नाही. ऑलिगोसोमाचे तुकडे करायची वेळ आली तर करावेत. प्रत्येक फांदीला तिच्या कवटीच्या आणि खवल्यांच्या खुणांसकट नाव मिळावं. एकाच पिशवीत पन्नास जाती कोंबणं ही सोय झाली.

नीलपंख
मग आधी त्या खुणा दाखवा. फांद्या डीएनएने दाखवल्या, पण त्यातली प्रत्येक फांदी हातातला प्राणी बघून ओळखता येईल अशी यादी मांडा. ती पक्की निघाली तर तुकड्यांच्या बाजूने मीही मत देईन.