पुण्याच्या पर्यटनासाठी 'ब्रँड' हवा का?

पुण्याच्या पर्यटनाला ब्रँड हवा म्हणून एक बोधचिन्ह सुचवलं गेलंय: शनिवारवाडा, पगडी आणि खाली 'विद्येचे माहेरघर'. दिसायला ते छान आहे. पण ते पाहून आलेल्या माणसाला दाखवणार काय? १८२८च्या आगीत वाडा जळाला. दिल्ली दरवाजा ओलांडला की आत जोती, कारंजी आणि हिरवळ. गाइड नसेल तर अर्ध्या तासात फोटो काढून मंडळी मिसळ शोधायला मोकळी. (ती मिळते, तो भाग वेगळा.)

माझ्या मते पुण्याची ओळख एका इमारतीवर नव्हे, चालण्यावर बांधावी. शनिवारवाड्यातून निघालं की नानावाडा, लालमहाल, कसबा गणपती, भिडेवाड्याची जागा (१८४८ची फुल्यांची मुलींची शाळा; वाडा २०२३मध्ये पाडला), विश्रामबागवाडा, मंडई, सगळं पायी होतं. त्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने आणलेलं पाणी आणि शहरभरचे हौद ही गोष्ट गुंफली, की पेठा आपोआप समजू लागतात. आता मेट्रोही कसबा पेठ आणि मंडईला थांबते. तिथून बाहेर पडताच पहिली पाटी दिसायला हवी, आणि पुढे प्रत्येक वळणावर त्याच रंगाची, त्याच अक्षरांची. खरा ब्रँड तोच.

घोषवाक्याचं म्हणाल तर ॲमस्टरडॅमने 'I amsterdam' ही त्यांच्या घोषवाक्याची प्रसिद्ध मोठी अक्षरं २०१८मध्ये संग्रहालयासमोरून हलवली, कारण तिथे सेल्फीवाल्यांचीच गर्दी होत होती. आपण आधी पदपथ मोकळे करू या. बोधचिन्हाची स्पर्धा नंतर घ्या, पुणेकर सूचना पाठवायला कधी मागे राहिलेत?