डोमेन नावं घेऊन विकण्याबद्दल : लातूरहून एक शंका

लातूरचा_सागर

नमस्कार. माझं लातूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, जोडीला व्यापाऱ्यांना वेबसाइट करून देतो. गेल्या महिन्यात एका डाळमिलवाल्यांसाठी डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव, शोधत होतो. हवं ते डॉट कॉम आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. उघडून बघितलं तर साइट नाहीच, नुसती पाटी : हे नाव विकणे आहे, किंमत १,९०,००० रुपये. मिलवाल्यांनी सरळ नाही म्हटलं. आम्ही दुसरं नाव घेतलं, पण माझ्या डोक्यातून ती पाटी जाईना.

तेव्हापासून रोज रात्री शटर ओढल्यावर हेच वाचतोय. १५ हजार रुपये बाजूला काढलेत. त्यातून पाच नावं घेऊनही टाकली. दोन नावांत एका मोठ्या इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीचं नाव आहे, पुढे लातूर आणि नांदेड. एक सरकारी योजनेचं. एक डॉट एक्सवायझेड, पहिल्या वर्षासाठी दीडशे रुपयांत मिळालं. आणि एक डॉट इन, तूरडाळीवरचं, दोन साध्या शब्दांचं.

आता पुढे काय करतात? गिऱ्हाईक कुठून येतं? चांगली नावं केव्हाच संपली असं म्हणतात, ते खरं आहे का? ज्यांनी स्वतः नावं विकलीत त्यांनी सांगावं.

अक्षरजुळणी, सातारा

सागर, वयानं लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

स्कूटरची दोन नावं सोडून दे. त्यांच्या खात्यात आपोआप नूतनीकरण (दर वर्षी पैसे भरून नाव आपल्याकडे ठेवणं) सुरू असेल तर आजच बंद कर. त्यांच्यावर जाहिराती लावू नकोस, आणि "तुमचं नाव माझ्याकडे आहे, घेता का" असं त्या कंपनीला चुकूनही लिहू नकोस. योजनेचं नावही तसंच जाऊ दे. त्या नावावर येणारा माणूस शेतकरी असेल, त्याला सरकारी साइट हवी असेल, आणि तिथं तो तुझ्या पाटीवर येऊन अडखळेल. असला पैसा आपल्याला नको.

आता माझं सांगतो. २०१२ साली पोवई नाक्याजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. कार्डावर वेबसाइटचा पत्ता टाकायची टूम तेव्हा आली होती आणि गिऱ्हाइकं मलाच विचारायची, नाव काय ठेवू. त्यातून मी या नादाला लागलो. सवलतीचं कूपन हाती आलं आणि दोन महिन्यांत ६३ नावं घेतली. सुचेल ते घ्यायचं, असं चाललं होतं. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची बिलं यायला लागली तेव्हा बेरीज पन्नास हजारांच्या वर गेली. बायकोनं ती वही बघितली आणि काही बोलली नाही, तेच मला जास्त लागलं. ६३ पैकी ५१ नावं सोडून दिली.

म्हणून सुरुवात नूतनीकरणापासून कर. डॉट कॉमची घाऊक किंमत व्हेरिसाइन ठरवतं, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंद सांभाळणारी कंपनी. सप्टेंबर २०२४ मध्ये ती नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर झाली. कुणी तुला डॉट कॉम पहिल्या वर्षी दोनशे रुपयांत देत असेल तर तो पदरचे घालतोय आणि दुसऱ्या वर्षापासून वसूल करणार आहे. डॉट एक्सवायझेडचंही तसंच. दीडशेला घेतलंस, पुढच्या वर्षाचा दर काय आहे ते आत्ताच उघडून बघ.

या धंद्यात जुने झालेले लोक एक ढोबळ हिशेब सांगतात, आणि माझ्या वहीशी तो जुळतो : तुमच्याकडे शंभर बरी नावं असतील तर वर्षाला एक किंवा दोन विकली जातात. शंभर नावांना हजार-बाराशेच्या दरानं वर्षाचा लाख-सव्वालाख खर्च येतो. म्हणजे ती एक-दोन विक्री तेवढ्याची तरी व्हायला हवी. दहा नावं असतील तर वर्षामागून वर्षं फोन न येताही जाऊ शकतात. माझी पहिली विक्री २६ महिन्यांनी झाली. सौर पंपांवरचं दोन इंग्रजी शब्दांचं नाव, साडेपाचशेला घेतलेलं. सांगलीचे एक पंप बसवणारे होते. त्यांनी फोनवर दोन हजार म्हटलं, मी पंचवीस म्हटलं, चार दिवसांनी अठरा हजारांवर जमलं.

ते नाव का विकलं गेलं यावर मी बराच विचार केला. घेताना माझ्या डोळ्यांसमोर माणसं होती. सातारा, सांगली, कोल्हापुरातल्या सौर पंपवाल्यांची मी कार्डं छापली होती, त्यातल्या पंधरा जणांची दुकानं मला माहीत होती. उरलेली ६२ नावं घेताना मला फक्त नाव आवडलं होतं. तेव्हापासून नियम केला : हे नाव विकत घेऊ शकतील असे दहा धंदे मला कागदावर लिहिता आले पाहिजेत, पत्त्यासकट. नाही लिहिता आले तर घ्यायचं नाही.

तुझं तूरडाळीचं नाव या नियमात बसतं. डाळमिलांच्या गावात राहतोस, यादी करायला संध्याकाळसुद्धा लागणार नाही.

चांगली नावं संपली का? पहिलं डॉट कॉम, सिम्बॉलिक्स, १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं. १९९५ पर्यंत नोंदणीला पैसेच पडत नव्हते, मग दोन वर्षांना १०० डॉलर लागायला लागले. डॉट इन सगळ्यांना खुलं झालं ते २००५ मध्ये. त्या त्या वेळी जे जागे होते त्यांना रत्नं मिळाली. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम तीन कोटी डॉलरला गेलं, अशा बातम्या वाचून झोप उडते हे मला माहीत आहे. पण आपला बाजार तो नव्हे. दुकानं बंद होतात, मालक नूतनीकरण करायचं थांबवतात आणि नावं रोज सुटतात. डॉट कॉमची मुदत संपली की ते दुसऱ्या दिवशी मोकळं होत नाही. रजिस्ट्रार, म्हणजे आपण जिथून नाव नोंदवतो ती कंपनी, साधारण ४५ दिवसांपर्यंत थांबू शकतो, त्या काळात बरेच जण ते लिलावात काढतात. तिथून वाचलं तर ३० दिवस जुन्या मालकाला जादा दंड भरून सोडवता येतं, आणि शेवटचे ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही. मग ते खुलं होतं. माझी निम्मी नावं अशा सुटलेल्या नावांतलीच आहेत.

सुटलेलं नाव घेण्याआधी वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबसाइटची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या साइटवर, त्याचा जुना इतिहास बघायचा. मी एकदा शेतीच्या अवजारांवरचं फार सुंदर नाव लिलावात घेतलं, नंतर कळलं की मधली तीन वर्षं त्यावर सट्ट्याची साइट चालत होती. घ्यायला आलेल्या माणसानं तेवढं बघितलं आणि परत गेला. किंमत ठरवताना नेमबायो या विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर तशाच नावांच्या जुन्या विक्री बघ. मात्र तिथं शंभर डॉलरच्या आतले व्यवहार दिसत नाहीत, त्यामुळे सगळं महागच जातं असा समज होतो.

शेवटचं, आणि हे फक्त आपल्या भाषेत भेटतं : मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना माणसागणिक बदलतो. वाई डब्ल्यूनं लिहितात, विटा व्हीनं. डाळ कुणी एका ए-नं लिहितो, कुणी दोन. नाव घेण्याआधी ते फोनवर एखाद्या नातेवाइकाला सांगायचं, लिहून घ्यायला लावायचं आणि अक्षरं परत वाचायला सांगायचं. मी हे माझ्या चुलत्यांवर करतो. त्यांनी चुकीचं लिहिलं तर नाव रद्द.

गिरगावची_माधवी

ट्रेडमार्कच्या कामात १४ वर्षं आहे, म्हणून स्कूटरच्या नावांबद्दल थोडं. आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफनं "रॅडिफ" नावाच्या डोमेनविरुद्ध दावा केला, एका अक्षराचा फरक. न्यायालयानं रेडिफच्या बाजूनं निकाल दिला आणि डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण हवं, ही भूमिका घेतली. २००४ मध्ये सिफीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही तेच मान्य केलं.

डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची लवादाची पद्धत आहे, डॉट इनसाठी तशीच आयएनडीआरपी. कंपनीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव तिच्या चिन्हासारखं आहे, तुमचा त्यावर खरा हक्क नाही, आणि हेतू वाईट होता. अक्षरजुळणींनी कंपनीला लिहू नकोस म्हटलं ते एकदम बरोबर. कंपनीला चढ्या दरानं विकण्यासाठी नाव घेतलं असेल, तर तोच वाईट हेतूचा पुरावा धरतात, आणि तुमचं पत्र म्हणजे तो पुरावा तुमच्याच सहीनं.

तूरडाळीसारख्या सर्वसाधारण शब्दांना ही भीती फार कमी आहे. तरी घेण्याआधी भारतीय ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात पाच मिनिटं घालवावीत. फुकट आहे.

लातूरचा_सागर

दादा, ताई, मनापासून आभार. तिन्ही नावांचं नूतनीकरण बंद केलं. पण काल रात्री एक मेल आलाय आणि मी गोंधळलोय. परदेशातला एक माणूस तूरडाळीच्या नावाला ३,२०० डॉलर द्यायला तयार आहे. म्हणतो, माझ्या भागीदारांना किमतीचा दाखला लागतो, तो अमुक एका साइटवरूनच आणा, ९० डॉलर लागतील, ते मी नंतर भरून देईन. भरू का? आईला सांगितलं तर ती देवापुढे दिवा लावून बसली.

अक्षरजुळणी, सातारा

भरू नकोस. थांब.

हाच मेल मला २०१६ मध्ये आला होता, फक्त आकडे वेगळे. मी ८० डॉलर भरले. दाखला आला, छान सोनेरी कडेचा. तो पाठवला आणि घेणारा माणूस पुन्हा कधी बोलला नाही. दाखला देणारी साइट आणि नाव मागणारा माणूस एकच असतो, आणि तो कमावतो ते दाखल्याच्या फीवर. खरा गिऱ्हाईक तुझ्याकडून कधीच पैसे मागत नाही. त्याला एवढंच लिही : व्यवहार एस्क्रो डॉट कॉमवर करू, फी मी अर्धी देतो. उत्तर येणार नाही.

एस्क्रोचंही सांगून ठेवतो, कारण तिथं मी आणखी मोठी चूक केलीय. २०१४ मध्ये एका गृहस्थांनी चेक दिला, मी विश्वासानं नावाचं कुलूप काढून हस्तांतराचा कोड त्यांना देऊन टाकला. चेक परत आला तोवर नाव दुसऱ्या देशातल्या रजिस्ट्रारकडे गेलं होतं. ते मला आजतागायत मिळालं नाही. एस्क्रोत घेणाऱ्याचे पैसे तिसऱ्याकडे जमा राहतात, नाव पोचल्याची खात्री झाली की तुला मिळतात. छोटा व्यवहार असेल आणि दोघांचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर नाव आतल्या आत काही मिनिटांत सरकवता येतं, पण पैसे बँकेत दिसल्यावरच. आणि नवं घेतलेलं डॉट कॉम पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, हे कुणाला शब्द देण्याआधी लक्षात ठेव.

आईंना सांग, दिवा लावला ते चांगलंच झालं, पैसे वाचले.

पैठणचा_वाचक

देवनागरी नावांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१४ मध्ये डॉट भारत आलं, मराठी-कोकणीसकट देवनागरीतल्या भाषांसाठी. मला इतका आनंद झाला की त्याच वर्षी ११ नावं घेतली. आपल्या लिपीत पत्ता, वेलांटीसकट. आतून संगणक त्याचं एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रोमन रूप करतो, पण वाचणाऱ्याला मराठी दिसतं.

विक्री मात्र एकही झाली नाही. व्यापारी म्हणतात, फॉर्म हा ईमेल पत्ता घेत नाही, गिऱ्हाइकाला टाइप करायला कीबोर्ड बदलावा लागतो. यातल्या तीन नावांवर मी स्वतः संतसाहित्याची पानं चालवतो, ती कधी सोडणार नाही. पण सागरसारख्या १५ हजारवाल्यानं विकण्यासाठी ही घेऊ नयेत.

लातूरचा_सागर

एस्क्रोचं लिहून पाठवलं, तीन दिवस झाले, उत्तर नाही.

यादी केली. एमआयडीसीतल्या आणि मार्केट यार्डाजवळच्या मिळून २२ डाळमिला, नऊ जणांकडे साइटच नाही. बहुतेक ओळखीचे आहेत, त्यांचे फोन मीच दुरुस्त करतो. आता दादा, एकच विचारायचंय : यांना जाऊन सरळ विचारू, की पाटी लावून वाट बघू? आणि किंमत किती लावू?

अक्षरजुळणी, सातारा

दोन्ही कर. पाटी आजच लाव, सेडो किंवा आफ्टरनिक या नावं विकून देणाऱ्या साइटवर नोंदव आणि किंमत स्पष्ट लिही. "संपर्क करा" एवढंच लिहिलं की निम्मे लोक बिचकतात. विक्री झाली तर ते दलाली कापतात, साधारण १५ ते २५ टक्के, ती धरूनच आकडा ठरव.

माझ्या मते पाटीवर ३० हजार लाव. ओळखीच्या मिलवाल्याला १२ हजारांत दे, आणि साइट करायचं काम वेगळं सांग. तुला दुसरा उद्योग येतो ही तुझी खरी जमेची बाजू आहे. मी कार्डं छापत होतो म्हणून टिकलो, नुसत्या नावांवर पहिली पाच वर्षं घर चाललं नसतं. त्या नऊ जणांकडे आधी जा, हंगामाच्या गर्दीत नको, दुपारी तीननंतर जेव्हा गाड्या कमी असतात. नाव कागदावर मोठ्या अक्षरात छापून ने. मोबाइलवर दाखवलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही.

उरलेल्या पैशांत या वर्षी आणखी दोनच नावं घे. घेण्याआधी दहा धंद्यांची यादी इथं टाक, आम्ही बघतो.