२५ किलोहर्ट्झ स्टेपच्या पीएलएलला (फ्रिक्वेन्सी लॉक करून धरणाऱ्या सर्किटला) पॅसिव्ह लूप फिल्टर कोणता लावावा?

तापीकाठ (जळगाव)
राम राम मंडळी. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा सिग्नल सोर्स जुळवतोय. चिप एडीएफ४००२, तिच्या चार्ज पंपाला (फिल्टरमध्ये करंटचे पल्स ढकलणाऱ्या भागाला) ५ व्होल्ट, करंट ठरवणारा रेझिस्टर आरसेट ५.१ के, म्हणजे करंट ५ मिलिअँपियर. १० मेगाहर्ट्झच्या टीसीएक्सओला (तापमानाला स्थिर क्रिस्टल ऑसिलेटरला) ४०० ने भागून २५ किलोहर्ट्झ. व्हीसीओचा (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरचा) उतार व्होल्टला ४ मेगाहर्ट्झ, १४५ ला ट्यूनिंग व्होल्टेज २.३. फिल्टर ४०४६ या जुन्या पीएलएल चिपच्या सर्किटमधला उचललाय: सिरीजमध्ये १० के, मग १ के आणि १ मायक्रोफॅरड ग्राउंडला. लॉक होतं, पण चॅनेल बदलला की झोके घेत बसतं आणि दोन्ही बाजूंना २५ किलोहर्ट्झवर ठळक स्पर (नको असलेले सिग्नल) दिसतात. पॅसिव्ह सोडून ऑपॅम्प (अँप्लिफायर चिप) लावू का?

सातपुडा१४४ (धुळे)
ऑपॅम्प नको. हा पंप साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये नीट चालतो आणि तुमच्या अख्ख्या बँडला अर्धा व्होल्ट पुरतो. व्हीसीओला १० - १२ व्होल्ट लागले असते तर गोष्ट वेगळी. इथे ऑपॅम्प म्हणजे फुकटचा नॉइज.

दोष फिल्टरच्या जातीचा आहे. ४०४६ चा डिटेक्टर व्होल्टेज देतो, म्हणून तिथे सिरीजचा रेझिस्टर लागतो. इथला पंप करंट ढकलतो. ५ मिलिअँपियर गुणिले १० के म्हणजे ५० व्होल्ट. ते येणार कुठून? पंप दर पल्सला सप्लायला जाऊन टेकतो, खरा करंट पाव मिलिअँपियरच्या आसपास उरतो, डॅम्पिंग संपतं. झोके त्याचेच.

१० के काढा. पंपाच्या पायावरून थेट ग्राउंडला सी१, आणि त्याला समांतर, सिरीजमधली आर२ + सी२ ची जोडी. सी१ विसरायचा नाही. तो नसेल तर प्रत्येक पल्सला आर२ वर १० व्होल्टची उडी मागितली जाते.

लूपची बँडविड्थ २५ किलोहर्ट्झच्या दहाव्या हिश्शाच्या खालीच ठेवायची, विसावा त्याहून बरा. १ किलोहर्ट्झ आणि ५० अंश फेज मार्जिन (झोके न घेण्याची राखीव जागा) धरून, एन (१४४ मेगाहर्ट्झला २५ किलोहर्ट्झवर आणणारा भागाकार) ५७६० ला, फिल्टरचे टाइम कॉन्स्टंट: टी१ ५८ मायक्रोसेकंद, टी२ ४३७ मायक्रोसेकंद. त्यातून सी१ ३२ नॅनोफॅरड, सी२ २१० नॅनो, आर२ २.०९ के. दुकानात मिळणारे ३३ नॅनो, २२० नॅनो आणि २ के लावा. क्रॉसओव्हर, म्हणजे लूपची बँडविड्थ, ९७० हर्ट्झच्या आसपास येतो, मार्जिन ५० च राहतं. लॉकला ढोबळमानाने ४ मिलिसेकंद.

पुढे बँडविड्थ दुप्पट करावीशी वाटली तर रेझिस्टर दुप्पट, कपॅसिटर चौथाई.

भुसावळ_बेंच
आकडे बरोबर आहेत, पण कपॅसिटर कोणता ते सांगा ना भाऊ! सी२ ला एक्स७आर सिरॅमिक लावला तर ट्रान्सफॉर्मरची थरथर, पंख्याची घरघर सगळी कॅरिअरवर उतरते, कारण तो पिझो (थरथरीचं व्होल्टेज करणारा) असतो. वरून डीसी व्होल्टेज पडलं की त्याची किंमतही घटते. सी२ पॉलिप्रॉपिलीन घ्या; पॉलिएस्टर चालेल, पण शेवटची थोडी फ्रिक्वेन्सी रेंगाळत बसते. सी१ ला सी०जी (स्थिर जातीचा सिरॅमिक) किंवा फिल्म. इलेक्ट्रोलायटिक इथे कुठेच नको.

आणि आपल्याकडचा मे महिना धरून चाला. बंद पत्र्याच्या पेटीत बाहेरच्या ४५ अंशाचे ६० कधी होतात कळत नाही. व्हॅरॅक्टरची (व्हीसीओ ट्यून करणाऱ्या डायोडची) गळती ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना दुप्पट होते. गळलेला चार्ज पंपाला दर सायकलला भरावा लागतो, तोच २५ किलोहर्ट्झचा स्पर. सकाळी स्वच्छ आणि दुपारी स्पर, असं झालं तर आधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) बोर्डावरचा फ्लक्स धुवा, मग व्हॅरॅक्टरवर संशय घ्या.

तापीकाठ (जळगाव)
स्पर अजून दाबायला पुढे आर३-सी३ ची आणखी एक पायरी जोडू का? १०० के आणि १०० पिकोफॅरड हाताशी आहेत.

सातपुडा१४४ (धुळे)
जोडा, पण ती किंमत नको. १०० के चा थर्मल नॉइज सरळ व्हीसीओला मॉड्युलेट करतो, आणि १०० पिकोसमोर व्हॅरॅक्टरची स्वतःची कपॅसिटी दुर्लक्ष करण्याइतकी लहान राहत नाही. ४.७ के आणि ३.३ नॅनो घ्या (सी१ चा दहावा हिस्सा). पोल (जिथून ही जोडी दाबायला लागते ती फ्रिक्वेन्सी) १० किलोहर्ट्झवर येतो, २५ वर ८ डीबी जादा दाब मिळतो, मार्जिनमधले साधारण ५ अंश जातात. ४५ उरतात, पुरे. सी३ व्हीसीओच्या पायाला चिकटून आणि त्याच्याच ग्राउंडवर, पंपाजवळ नाही.

भुसावळ_बेंच
एक राहिलं. स्पर बघताना ट्यूनिंग लाइनवर मल्टिमीटर लावून ठेवू नका. १० मेगओहमचा मीटर २.३ व्होल्टला २३० नॅनोअँपियर ओढतो, म्हणजे गळती तुम्हीच करताय. व्होल्टेज बघा, प्रोब काढा, मग स्पेक्ट्रम. व्होल्टेज ० किंवा ५ ला अडकलं तर फिल्टर उकलू नका, आधी चिपच्या रजिस्टरमधला फेज डिटेक्टरचा पोलॅरिटी बिट (पंपाची दिशा ठरवणारा) तपासा. लॉक होऊनही थोडे झोके राहिले तर व्हीसीओचा उतार १४४ आणि १४६ ला वेगवेगळा मोजा. जास्त निघाला तर पंपाचा करंट रजिस्टरमधून ०.६२५ मिलिअँपियरच्या पायरीने उतरवा, सोल्डरिंगची गरज नाही.