युफोनियमला (पितळी फुंकवाद्य) मऊ बॅग: लोकलने ये-जा करणाऱ्यांनी सांगा

डोंबिवलीहून दादरला तालमीला जातो. हार्ड केस गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागतेच, मग शिव्या खायच्या. पाठीवर घ्यायची बॅग बघतोय. पावसाळ्यात चालेल का?

उत्तर १
दादा, आधी टेप काढा. बेलचा (वाद्याच्या पसरट तोंडाचा) व्यास आणि पूर्ण उंची मोजा. ११ इंची बेलच्या बॅगेत १२ इंची बेल कोंबली की चेन पहिल्या महिन्यातच कडेवर घासून जाते. फोम किमान २० मिमी हवा, बेलची कड आणि खालचं वळण इथे त्याहून जाड. पट्ट्यांची शिवण ओढून बघा. साडेचार-पाच किलो तिच्यावरच लटकणार. आणि माउथपीस बॅगेत मोकळा टाकू नका, आतूनच पोचा पाडतो तो. त्याला वेगळी पिशवी.

उत्तर २
मी ट्यूबावाला, म्हणजे युफोनियमचा मोठा भाऊ, दहा किलोचं धूड. सरळ मालडब्यात चढतो. बॅग पाठीवरून काढून पायांत धरायची, रॅकवर नाही. चौथी कळ (बोटाने दाबायचा व्हॉल्व्ह) बाजूला असेल तर त्या कुशीवर आडवी ठेवू नका, दांडा वाकतो. पावसात वरून रेनकव्हर हवंच, पण खरं पाणी आतलं: वाजवून झालं की वॉटर की (नळीतलं पाणी काढायची छोटी झडप) उघडून फुंकून काढा, घरी आल्यावर चेन उघडी ठेवा. ओलं फडकं आत राहिलं तर हिरवे डाग ठरलेले.

उत्तर ३
वरातीच्या टेम्पोत ढोल-ताशांबरोबर जाणार असेल तर मऊ बॅगेचं नावही काढू नका. तिथे केसच.

मूळ प्रश्नकर्ता
वराती नाहीत माझ्या. बेल १२ इंच निघाली. मालडबा सुचला नव्हता, धन्यवाद!