हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर चालायला कसं लागलात? अनुभव लिहा

माझी अँजिओप्लास्टी होऊन तीन वर्षं झाली. घरी सोडताना गोळ्या नीट समजावल्या, चालण्याबद्दल मात्र ‘हळूहळू वाढवा’ एवढंच सांगितलं. हळूहळू म्हणजे किती? पहिले पंधरा दिवस मी पलंग ते बाथरूम एवढीच चालले. छातीत जरा टोचलं की वाटायचं, आला पुन्हा. एकदा जिन्याच्या चौथ्या पायरीवर कठडा धरून उभी राहिले, वर जाववेना आणि खाली उतरवेना. दम लागला नव्हता, नुसती भीती होती. मुलगी एक पायरी खाली होती. काही बोलली नाही, पाठीवर हात ठेवला.

पुढे कार्डिॲक रिहॅबमध्ये (हृदयरुग्णांना देखरेखीखाली व्यायाम शिकवतात तिथे) फिजिओथेरपिस्टने साधी खूण दिली : चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. मला बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद ठेवणारी गोळी चालू आहे, त्याने ठोके फारसे वाढतच नाहीत, म्हणून नाडीच्या आकड्यावर विसंबू नका म्हणाली. पाच मिनिटांपासून सुरुवात केली. आता तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस.

तुम्ही कुठे अडलात, कशाने सुटलात, सगळं लिहा. नुकतंच घरी आलेल्या माणसाला याची फार गरज असते.

*

बायपास, ५८व्या वर्षी. पायांपेक्षा ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड सांभाळणं जड गेलं. ते जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर जड उचलायचं नाही, ओढाढकल नाही. खुर्चीतून उठताना हातांवर भार द्यायचा नाही, पुढे सरकून मांड्यांच्या जोरावर उठायचं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळायची. ती उशी महिनाभर घरभर माझ्याबरोबर फिरत होती.

*

मी उलटी चूक केली. बरं वाटतंय म्हणून थंडीत पहाटे उठून थेट पळायलाच गेलो. छाती आवळून आली. लगेच खाली बसलो आणि छातीदुखीसाठी दिलेली नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवली (बसूनच ठेवा, रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते). पाच मिनिटांत ओसरेना, म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावली. तपासण्यांत झटका निघाला नाही, पण धडा मिळाला. आता सुरुवातीची आणि शेवटची दहा मिनिटं सावकाश चालतो, एकदम थांबत नाही.

*

मी बस चालवतो. रिहॅबच्या डॉक्टरांनी सांगितलं की १९५३ साली ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवाल्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. ते ऐकल्यापासून प्रत्येक फेरी संपली की खाली उतरून गाडीभोवती चालतो. सिगारेटही सुटली. जेवणानंतरची दहा मिनिटं सर्वांत कठीण जायची, तेव्हाही हेच चालणं कामी आलं.

*

वडिलांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्के आहे, म्हणजे हृदय बरंच अशक्त आहे. त्यांच्यासाठी चालण्याइतकाच वजनकाटा महत्त्वाचा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहितो. एकदा तीन दिवसांत दोन किलो वाढलं. पायावर सूज दिसत नव्हती, तरी फोन केला. अंगात पाणी साठत होतं. डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस बदलला आणि भरती टळली. जेवताना वरून मीठ घ्यायचं त्यांनी सोडलं आहे. चालणं एका दमात होत नाही, म्हणून दहा-दहा मिनिटं तीनदा. त्यांना उतारावर नाही, चढावर विचारावं लागतं, “बाबा, थांबायचं का?” स्वतःहून ते कधीच सांगत नाहीत.

*

कुणी विचारत नाही म्हणून लिहिते. नवऱ्याच्या झटक्यानंतर आम्ही चार महिने एकमेकांपासून लांब झोपलो, दोघंही घाबरून. शेवटी मीच डॉक्टरांना विचारलं. दोन मजले दमल्याशिवाय, छातीत न दुखता चढता येत असतील तर शरीरसंबंधाला हरकत नाही म्हणाले. नायट्रेटची गोळी चालू असेल तर त्या कामासाठीच्या (व्हायग्रासारख्या) गोळ्या चुकूनही घेऊ नका, हेही बजावलं. विचारा. आमचे चार महिने उगाच गेले.

*

आई परवाच घरी आली. वरचं सगळं तिला वाचून दाखवलं. जिन्याचं ऐकल्यावर गप्प बसली. संध्याकाळी म्हणाली, “चल, पण तू मागे राहा.” फाटकापर्यंत जाऊन आलो, सात मिनिटं लागली.