मदत हवी आहे : जुन्या फोटोतला चेहरा न बदलता दुरुस्ती कशी करावी? (सहस्रचंद्रदर्शनाची ऑर्डर, बेळगाव)

शहापूर_पेठ

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात शहापूर भागात राहते आणि घरूनच ग्राफिक डिझाइनची कामं घेते. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, निवृत्तीच्या निरोपाचे अल्बम, जुन्या फोटोंची दुरुस्ती. एकेका घरासाठी, त्या घराला विचारून करायची कामं. दुकानाच्या पाट्या आणि निवडणुकीचे बॅनर घेत नाही. सध्या हातात एक ऑर्डर आहे, ती मनासारखी व्हावी असं फार वाटतंय, म्हणून विचारते.

खानापूर तालुक्यातल्या एका आजींचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. नातवंडांना हॉलमध्ये ठेवायला दोघांचा १६ बाय २० इंची एकत्र फोटो हवा आहे, आणि येणाऱ्यांना द्यायला ३२ पानांची पुस्तिका. पण घरचे म्हणतात, दोघांचा एकत्र असा फोटोच कधी काढला नाही.

आजोबांचा एकच चांगला फोटो आहे, युनिफॉर्ममधला, स्टुडिओत काढलेला. तो फ्रेमच्या काचेला चिकटलाय आणि खालच्या बाजूने बुरशी चढलीय. आजींचा तरुणपणचा फोटो म्हणजे नणंदेच्या लग्नातला ग्रुप. मागच्या रांगेत उभ्या आहेत, चेहरा करंगळीच्या नखाएवढा.

नातवाने मोबाइलवर आजोबांचा फोटो एका एआय अ‍ॅपमध्ये टाकून 'साफ' करून घेतला. दिसायला गुळगुळीत, डोळे चकचकीत. घरात सगळ्यांना आवडला. आजींना दाखवला तर त्या बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कोण की? आमच्या ह्यांचं नाक असलं नव्हतं."

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोठे करून पाहिले. आजींचं बरोबर आहे. नाकाचा दांडा सरळ झालाय, भुवईतला व्रण गेलाय, कानाची पाळी वेगळी आहे. आणि बाहीवर दोन फिती होत्या त्या तीन झाल्यात. नातू म्हणतो, "काम झालंच आहे, तुम्ही फक्त कलर करा." तो चेहरा छापायला माझं मन घेत नाही. ज्या बाईने त्या माणसाबरोबर संसार केला तिला तो ओळखू येत नसेल, तर त्या फ्रेमचा उपयोग काय?

तेव्हा काचेला चिकटलेल्या फोटोचं काय करू, आणि नखाएवढ्या चेहऱ्यातून १६ बाय २० कितपत निघेल, हे कुणी जाणकार सांगेल का? आणखी एक. पुस्तिका मराठी आणि कन्नड दोन्हीत हवी आहे, कारण मुली धारवाड-हुबळीकडे दिल्यात आणि पतवंडं कन्नड शाळेत शिकतात. कन्नड मजकूर नुडी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आलाय, मराठी श्रीलिपीत. पेस्ट केला की दोन्हींची नुसती चिन्हं दिसतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरंही फुटतायत.

---

निपाणीचा_स्टुडिओ

ताई, पहिली गोष्ट, फोटो काचेवरून ओढू नका. दमटपणाने फोटोचा वरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहील आणि हातात पांढरा कागद येईल. फ्रेमचं लाकूड आणि मागचा पुठ्ठा तेवढा काढा, काच आणि फोटो तसेच ठेवा.

स्कॅनर कुठला आहे? हल्ली मिळतात ते पातळ, यूएसबीवर चालणारे स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे. त्यांना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. मधे फ्रेमच्या काचेची जाडी आली की फोटो धूसर येणार. जुने जाडजूड सीसीडी स्कॅनर थोडं आतलंही पकडतात. असा नसेल तर कॅमेऱ्याने काढा. कॅमेरा फोटोच्या अगदी समोर, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, आणि काचेत तुमचंच प्रतिबिंब येऊ नये म्हणून कॅमेऱ्याभोवती काळं कापड धरा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) असेल तर लावा.

फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा, टिफमध्ये. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर म्हणजे चॅनल असतात, आणि पिवळे डाग लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. तो एक चॅनल घेऊन सुरुवात केलीत तर फोटोशॉपच्या क्लोन आणि हीलिंग टूलने डाग पुसायचं निम्मं काम वाचतं. बुरशीचे ठिपके मात्र हातानेच, वेगळ्या लेयरवर. मूळ स्कॅनला कधी हात लावायचा नाही.

आता आजींचा चेहरा. हिशेब सोपा आहे. नख म्हणजे ८ मिलिमीटर धरा. १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केलंत तर चेहऱ्याला साधारण ३७८ पिक्सेल मिळतात. ३०० डीपीआयने छापला तर सव्वा इंच. लांबून बघायची फ्रेम आहे म्हणून १५० वर आणलात तर अडीच इंच. त्यापुढे जे दिसेल ते आजींचं नसेल, सॉफ्टवेअरचं असेल. २४०० ला स्कॅन करून फायदा होईल असं वाटतं, पण कागदाचे कण मोठे होतात, चेहरा नाही. म्हणून १६ बाय २० चा कागद ठेवा, पण फोटो त्यात लहान ठेवून भोवती रुंद माउंट (कोऱ्या पुठ्ठ्याची चौकट) सोडा. भिंतीवर ते छानच दिसतं.

आणि एक करून बघाच. ग्रुप फोटोची प्रत त्या काळी फोटोतल्या प्रत्येक घरात जायची. त्या नणंदेकडे, तिच्या सासरी, भावकीत विचारा. एखाद्या ट्रंकेत उजेड न लागलेली प्रत निघते. मी असे फोटो वाचवलेत ते फोटोशॉपपेक्षा या चौकशीने.

---

चिकोडी_कट्टा

थोडं वेगळं मत मांडतो. घरच्यांना एआयचा फोटो आवडलाय आणि पैसे तेच देणार आहेत. मोबाइलवर फुकट होणारं काम आपण महाग करून बसलो तर पुढची ऑर्डर येणार नाही. फिती दोनच्या तीन झाल्या असतील तर तेवढ्या दुरुस्त करा आणि द्या.

---

माजी_सैनिक_खानापूर

चिकोडीकर, फितींचा विषय तेवढा लहान नाही. दोन फिती म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. हॉलमध्ये त्यांच्या बरोबरीची माणसं येतील, त्यांची पहिली नजर बाहीवर जाईल. जी रँक माणसाने घातली नाही ती मेल्यावर त्याच्या अंगावर चढवू नये.

ताई, रंग भरणार असाल तर ऐका. बेरेटवर तुरा दिसत असेल तर आमच्या रेजिमेंटचा तुरा लाल-हिरवा असतो. छातीवरच्या रिबनचे रंग मात्र अंदाजाने भरू नका. काळ्या-पांढऱ्यात पट्ट्या दिसतात, रंग कळत नाहीत. घरात मेडल असतील, काळ्या ट्रंकेत नाहीतर देवघराच्या कपाटात. मेडलच्या कडेला नंबर आणि नाव कोरलेलं असतं, त्यावरून ती त्यांचीच आहेत ही खात्री होते. रिबन मळली असेल तर उलटी करून बघा, मागच्या बाजूचा रंग टिकलेला असतो.

आता मुख्य सांगतो. दोघांचा एकत्र फोटो नाही असं घरचे म्हणतात, पण आजी फॅमिली पेन्शन घेत असतील ना? पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा जॉइंट फोटो लावायचा असतो. पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, बँकेत दिलेल्या कागदांच्या झेरॉक्स, सगळं एका पिशवीत असतं. ती पिशवी आजींनाच मागा. मुलांना ती ठाऊक नसते, आजींच्या उशाशी असते.

---

शहापूर_पेठ

काका, तुमचे उपकार कसे मानू! आजच गावाहून फोन आला. पिशवी निघाली, फोटोही निघाला. पासपोर्टपेक्षा थोडा मोठा, काळा-पांढरा, दोघं शेजारी बसलेले. आजोबांचे केस पिकलेत, आजींच्या कपाळावर कुंकू आहे. कोपऱ्यातून जांभळा शिक्का आजोबांच्या खांद्यावरून गळ्यापर्यंत आलाय, चेहरे दोन्ही मोकळे. पार्श्वभूमी पिवळी पडलीय.

आजी म्हणाल्या, हा काढायला दोघं एसटीने बेळगावला आले होते. एकत्र फोटो नाही असं घरात कधी त्यांना विचारूनच ठरवलं नव्हतं.

चिकोडीकर, पैशाचं तुमचं म्हणणं मला कळतं, मीही याच्यावरच घर चालवते. पण लोक माझ्याकडे येतात ते मोबाइलवर होत नाही म्हणूनच. चेहरा बदलून द्यायचा असेल तर माझी गरज काय?

आता शिक्क्याचं सांगा. पिवळेपणासाठी लाल चॅनल घेतला तर शिक्का आणखी गडद दिसतोय.

---

निपाणीचा_स्टुडिओ

तसंच होणार. शाई तिच्या स्वतःच्या रंगाच्या चॅनलमध्ये फिकी पडते. जांभळ्या शिक्क्यासाठी निळा चॅनल बघा, तिथे तो सगळ्यात कमी दिसेल. पण पिवळे डाग निळ्यात काळे येतात. म्हणून दोन लेयर करा. खाली लाल चॅनल, वर निळा, आणि निळ्याला मास्क लावून (बाकीचा भाग झाकून) फक्त शिक्क्याच्या रेषांपुरता उघडा. दोन्हींचा उजेड कर्व्ह्जने जुळवून घ्या. उरलेलं खांद्यावर आहे, ते कापड आहे, हाताने भरलं तरी कुणाचा चेहरा बिघडत नाही.

हा फोटो काचेला चिकटलेला नाही, त्यामुळे सरळ १२०० ला स्कॅन करा. मोठा किती होईल ते वरच्याच हिशेबाने काढा. आणि तरुणपणचे दोन चेहरे उचलून खांद्याला खांदा लावण्याचा बेत आता सोडा. दोन फोटोंत उजेड वेगवेगळ्या बाजूंनी आलेला असतो, सावल्या जुळत नाहीत. कितीही घासा, चिकटवलेलं कळतं.

---

लिपी_आणि_मांडणी

फॉन्टचं राहिलंच की. नुडी आणि श्रीलिपी हे युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-कोडच्या, आधीच्या पद्धतीचे फॉन्ट आहेत. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, वर फक्त चित्र मराठी-कन्नडचं. दोन्हींसाठी कन्व्हर्टर मिळतात, पण अर्धी अक्षरं आणि रफार हमखास चुकतात. मजकूर ३२ पानांचाच आहे. घरच्या कुणालातरी मोबाइलवर टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा, तो युनिकोडच येतो. फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेत तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, नाहीतर दाबून लहान होतात.

फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधे टाइप, तिथे टेक्स्ट इंजिन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' करा. तो पर्याय दिसत नसेल तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. जोडाक्षरं जुळतील. पण पुस्तिका फोटोशॉपमध्ये करू नका, इनडिझाइनमध्ये करा. तिथेही वर्ल्ड-रेडी कंपोझर लागेल.

दोन्ही लिप्या एका घरातल्या वाटाव्यात असं असेल तर 'अनेक' फॉन्ट घ्या. 'अनेक देवनागरी' आणि 'अनेक कन्नड' एकाच वळणाचे आहेत आणि फुकट आहेत. पुस्तकी वळण हवं असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' आणि 'तिरो कन्नड'. या तिरोमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, हिंदी नाही. कन्नडला ओळींमधलं अंतर जास्त ठेवा, कारण जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं आणि खालच्या ओळीला भिडतं. छापायच्या आधी कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. नातवाकडून नाही, शिक्षकाकडून.

छापखान्यात कोरलड्रॉ सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असण्याची शक्यता धरा. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत बदलून, पीडीएफ द्या, कडेला कापण्यासाठी ३ मिलिमीटर जास्तीची जागा (ब्लीड) सोडा.

---

शहापूर_पेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शिक्का निळ्या चॅनलने खरंच निघाला, खांद्यावर थोडी सावली राहिलीय तेवढीच.

नातवाशी बोलले. त्याला मूळ पेन्शनचा फोटो, अ‍ॅपचा फोटो आणि माझी दुरुस्ती, तिन्ही एका आकारात छापून दाखवले आणि आजींसमोर ठेवायला सांगितले. त्यांनी कुठला उचलला ते सांगायला नको. मोठ्या फ्रेममध्ये आता पेन्शनचाच फोटो जाईल, रंग न भरता, रुंद माउंटमध्ये. युनिफॉर्मचा फोटो काचेसकट कॅमेऱ्याने काढून पुस्तिकेत, दोन फितींसह. ग्रुप फोटोची दुसरी प्रत नंदगडला नणंदेच्या मुलाकडे आहे असं कळलंय, ती येत्या रविवारी मिळेल. आजींनी त्या लग्नातल्या लुगड्याचा रंग सांगितलाय, हिरवं आणि तांबड्या काठाचं, शहापूरच्याच मागावरचं. रंगीत करायचं झालं तर तेवढं एक पान करीन, आणि खाली 'रंग आजींच्या आठवणीप्रमाणे' असं लिहीन.

एक शेवटचं. घरच्यांनी सगळ्या फाइल मागितल्यात, लेयरसकट. देऊ का? आणि अशा कामाला तुम्ही कसे पैसे लावता?

---

निपाणीचा_स्टुडिओ

लेयरच्या फाइल आधी ठरलं नसेल तर देऊ नका. पूर्ण आकाराची टिफ, मोबाइलसाठी जेपीजी आणि मूळ न सुधारलेला स्कॅन, हे तिन्ही पेन ड्राइव्हवर द्या. मूळ स्कॅन तर आवर्जून द्या, तो त्यांच्या घरचा ठेवा आहे. फोटो हातात घेताना त्यांच्यासमोरच मोबाइलवर एक फोटो काढून त्यांना पाठवून ठेवा, म्हणजे कुठली चीर आधीची होती यावरून पुढे वाद नको.

मी साध्या डागांचे ३०० ते ५०० घेतो, चेहऱ्यावर काम असेल तर १५०० पासून पुढे. निम्मे आधी. दोन वेळा बदल करून देतो, तिसऱ्यापासून वेगळे. हे सगळं सुरुवातीलाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून 'ठीक आहे' असं उत्तर घेतो. पुस्तिकेचे पैसे दर पानामागे लावा, छपाई त्यांना थेट छापखान्यात भरू द्या.

---

माजी_सैनिक_खानापूर

ताई, पुस्तिकेत नावाआधी रँक आणि नंबर लिहाल तेव्हा डिस्चार्ज बुकातून उतरवून घ्या, कुणाच्या तोंडून नको. कच्ची प्रत झाली की इथे सांगा, मी खानापुरात आहे, येऊन वाचून देतो.

---

शहापूर_पेठ

काका, नक्की. पुढच्या आठवड्यात प्रूफ निघेल, तुम्हाला संदेश करते. कन्नडसाठी इथल्या एका निवृत्त बाईंनी होकार दिलाय. खानापूर किंवा बेळगावात कुणाकडे चालू स्थितीतला सीसीडी स्कॅनर असेल तर तेवढं कळवा, ग्रुप फोटो त्यावरच करायचा आहे. भाडं देईन.