दादाच्या टी-शर्टांची गोधडी: मदत हवी आहे

दादाचे शाळेपासूनचे 16 टी-शर्ट आईने जपून ठेवलेत. त्यांची गोधडी करून त्याला द्यायचंय. 14 इंचांचे चौकोन कापायला घेतले, पण होजिअरीचं कापड कात्री लागली की कडेने गुंडाळतं आणि मशीनवर ताणून नुसत्या लाटा येतात. मागून इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग (कापड ताणू न देणारं पातळ अस्तर) लावायचं एवढं कळलंय. ते कापण्याआधी की नंतर? (दोन कापून बसलेय मी!)

क्रिकेटच्या शर्टावरचा रबरी छाप पार भेगाळलाय, नेमका तोच त्याचा लाडका. उलट्या बाजूने इस्त्री फिरवली तर छाप खाली चिकटेल का?

मशीनसाठी बॉलपॉइंट सुई (होजिअरीसाठीची, गोलसर टोकाची) 14 नंबरची आणलीय. मधल्या थराला कापसाऐवजी जुनी चादर चालेल? हाताने धावदोरा घालायची तयारी आहे, पण छापावर सुई टोचली की भोकं तशीच राहतात. तिथे काय करता?